साधी गाठ

शिट्टी वाजली नाही, एवढंच झालं. सांगलीच्या स्टँडवर आप्पासो वडूजची गाडी फलाटाला मागं लावत होता आणि सोनिया गाडीच्या मागं उभी राहून त्याला शिट्टीवर आणत होती. तुटक शिट्टी म्हणजे येऊ द्या, लांब शिट्टी म्हणजे बास. ड्रायव्हर-कंडक्टरची ही जोडी जुनी. आप्पासो आरशाकडं बघायचाही नाही, सोनियाच्या शिट्टीवर बिनघोर गाडी रेटायचा. लांब शिट्टी द्यायला तिनं दात आवळले, तर शिट्टी खालच्या दातांवरून घसरली आणि ओठाच्या कोपऱ्यातून नुसती हवा गेली. गाडी फलाटाच्या कठड्यावर आदळली. नुकसान म्हणावं तर काहीच नाही; कठड्याचा थोडा गिलावा उडाला, गाडी लागायच्या आधीच घुसून बसलेल्या एका म्हातारीची पिशवी पडली आणि लिंबं सीटांखाली गडगडत गेली. आप्पासो खाली उतरला, मागचा पत्रा चाचपून म्हणाला, "काय बाई, शिट्टी गिळली व्हय?" चारजण हसले. सोनियाही स्कार्फ तोंडावर ओढून हसली, आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं की आपले उजवीकडचे दात एकमेकांवर बसतच नाहीत. खालची ओळ कुणीतरी आतून ढकलल्यासारखी बाजूला गेली होती. दोरीला लोंबणारी ओली शिट्टी तिनं खिशात घातली आणि लिंबं वेचायला गाडीत चढली.

तासगाव येईपर्यंत तिनं मशीनवर तिकिटं काढली, खिडकीवरून भांडणाऱ्या दोघींना समजावलं, दोरी ओढून बेल दिल्या. एक बेल दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते. गाडीभर माणसं त्या दोरीवर चालतात, याचा सोनियाला मनातून अभिमान होता आणि तो ती कुणाला दाखवत नसे. पण आज हात दोरीवर होता आणि जीभ मात्र भलत्याच कामाला लागली होती. जीभ हा माणसाच्या अंगातला सगळ्यात चोंबडा अवयव. जिथं जाऊ नको म्हणावं तिथंच ती जाते. उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या दाढेच्या मागं, हिरडी फुगलेली होती. दाढ जिभेनं ढकलली की हलत होती. हे काही आज कळलं नव्हतं. जिभेला ते केव्हाच ठाऊक होतं, आणि तिनं सांगायला सुरुवात केली की सोनिया तिला दुसरं काम द्यायची, बडीशेप चघळायची, थांब्यांची नावं मोठ्यानं घ्यायची. गाल डाव्या तळहातावर टेकायची सवय तिनं लावून घेतली होती, कारण उजवीकडं तळहात पूर्वीसारखा बसत नव्हता. स्कार्फ तर सांगलीतल्या सगळ्याच पोरी बांधतात, त्यामुळं तिच्या स्कार्फाला कुणी विचारलं नाही. मास्कची वर्षं आली तेव्हा सगळं जग तोंड झाकून हिंडत होतं आणि तिला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त मूठ आतून मोठी होत चालली होती.

तोंडात काय आहे हे ओळखण्याचं काम तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तिचा बाप तात्याबा मेंढरांमागं हिंडणारा धनगर, वडूजच्या पुढच्या माळावरचा. मेंढी विकत घ्यायची तर तो तिला बगलेत धरायचा, अंगठा तोंडाच्या कोपऱ्यात घालून जबडा उघडायचा आणि दातांवरून एका नजरेत वय सांगायचा, ही दोनदाती, ही चारदाती, ही जुळलेली, ही म्हातारी, भाकरी घालून सांभाळावी लागंल. माणसांच्या तोंडाकडंही तो तसाच बघायचा. लहानपणी सोनियाचा दुधाचा दात पडला की तो म्हणायचा, "आता ही दोनदाती व्हनार," आणि ती रुसून बसायची. शिट्टी तिनं त्याच्याकडूनच घेतली. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, बायकापोरं, भांडीकुंडी असा सगळा संसार, चाऱ्याच्या मागं कृष्णाकाठाकडं निघायचा आणि सोनिया शाळेसाठी वडूजला आत्याकडं राहायची. निघताना तात्याबा वळणावर थांबून दोन बोटं जिभेखाली घालून शीळ द्यायचा. तिनं आत्याच्या दारातून उलटी शीळ द्यायची, की मग तो वळायचा. तिची शीळ म्हणजे, ठीक आहे, जावा. ती कधी चुकली नाही. अंगात ताप असताना दिली, गळ्याशी रडू आलेलं असताना दिली. थांबा असं म्हणायची शीळच त्यांच्यात नव्हती, कारण मेंढरं थांबत नाहीत, आणि मेंढरांमागच्या माणसांना थांबा म्हणणं हा पोरकटपणा समजला जायचा.

मायणीच्या घाटात उन्हानं गाडी तापली होती आणि सोनियाला साताऱ्याचा तो दवाखाना आठवला. कॉलेज नुकतंच संपलं होतं. गालावर सुपारीएवढी सूज, दुखणं मुळीच नाही. पहिल्यांदा हरणाबाईनं, तिच्या आईनं, बिब्बा घालून बघितला. त्याचा काळा डाग अजून जबड्याच्या कडेला होता. मग साताऱ्याला नेलं. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी जबड्याचा फोटो उजेडापुढं धरला. अक्कलदाढ आत आडवी अडकलेली, आणि तिच्याभोवती हाडात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे. दात घडवणाऱ्या पेशी वाट चुकल्यात, ते म्हणाले. तुकडा तपासायला गेला आणि ते दिवस तात्याबानं दवाखान्याच्या पायरीवर बसून काढले. आपला माळ सोडून तो एवढा कधी कुठं बसला नव्हता. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही." हरणाबाई तिथंच भिंतीला टेकून रडली. "साधी हाय म्हंत्यात गं, साधी हाय," असं ती सोनियाला, नर्सला, झाडू मारणाऱ्या बाईला, सगळ्यांना सांगत सुटली. डॉक्टर पुढंही बोलत होते, पण ते ऐकायला कोण शिल्लक होतं? साधी असली तरी चिवट आहे, हाड पोखरत जाते, जबड्याचा तेवढा भाग कापून काढला तर खात्री. नुसती खरवडून काढली तर परत येऊ शकते, मग दरवर्षी फोटो काढायला यायचं, न चुकता. तात्याबानं ऐकलं ते एवढंच, की जबडा कापायचा. "पोरीचं लगीन व्हायचंय, साहेब," तो हात जोडून म्हणाला. "त्वांड शाबूत ऱ्हाऊ द्या. खरवडा."

खरवडली. टाके आतून पडले, गाल उतरला, बाहेरून काही दिसेना. तात्याबा बिरोबाला नवस बोलला होता, पोरीचा जबडा शाबूत राहिला तर मेंढरांच्या खांडातला सगळ्यात देखणा एडका देईन. त्याप्रमाणं एडका दिला, भंडारा उधळला, भावकी जेवली. आणि त्या जेवणाबरोबर सगळं मिटलं. तात्याबाच्या घरातला रिवाज असा की फेडलेल्या नवसाचं दुखणं पुन्हा तोंडावर आणायचं नाही. देवानं घेतलं, विषय संपला. परत डॉक्टरकडं जाऊन "बरं झालंय का बघा" म्हणणं म्हणजे देवाच्या हिशेबावर संशय घेणं. पहिल्या वर्षी साताऱ्याहून फोन आला तेव्हा हरणाबाईनं सांगितलं, पोरगी बरी हाय, देवाची किरपा. सोनिया शेजारीच भाकऱ्या थापत होती. ती शिकलेली होती, पदवी तिच्या ट्रंकेत होती, आणि तरीही तिच्या तोंडातून ब्र निघाला नाही. त्या एडक्याचे डोळे तिनं पाहिले होते. आपल्यासाठी एक जीव गेला, आणि आता फोटो काढला आणि त्यात काही निघालं तर तो जीव फुकट गेला असं होईल, अशी काहीतरी भीती तिच्या पोटात बसली. पदवीनं ती हलली नाही. ज्या लग्नासाठी जबडा वाचवला ते लग्नही झालं नाही. मुलाकडच्यांना ऑपरेशनचं कुठून तरी कळलं, आणि साधी गाठ हे शब्द सोयरिकीत कुणी ऐकून घेत नाही. पुढं ती कंडक्टर झाली. खाकी चढवली, सांगलीत खोली घेतली, आणि तोंडातलं दार बाहेरून बंद करून टाकलं.

ते दार त्या न वाजलेल्या लांब शिट्टीनं उघडलं. दोन दिवस तिनं डोकं दुखतंय म्हणून काढले आणि तिसऱ्या दिवशी मिरजेला गेली, एकटीच. डॉक्टरीणबाई तिच्याहून फार मोठी नसावी. तिनं स्कार्फ सोडायला सांगितला आणि सोनियाला अंगावरचं लुगडं फेडायला सांगितल्यासारखं वाटलं. पडद्यावर आपलाच जबडा फिरत होता, करडा, सगळ्या बाजूंनी. डावी बाजू भरीव, आणि उजवी, कानाखालून हनुवटीपर्यंत, वाळवीनं खाल्लेल्या चौकटीसारखी पोकळ. "परत कधी दाखवायलाच आला नाहीत?" डॉक्टरीणबाईनं विचारलं. बिरोबाचं या खोलीत काय सांगायचं? मग तिला सांगण्यात आलं ते तिनं एकेक करून आत घेतलं. अजूनही साधीच आहे. जिवाला लगेच धोका नाही. पण आता खरवडून भागायचं नाही. जबड्याचा उजवा भाग काढावा लागेल, चांगल्या हाडाची थोडी कड घेऊन. त्याच्या जागी पायातलं, नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून बसवायचं. दिवसभराचं ऑपरेशन. काही दिवस गळ्याला भोक पाडून नळीतून श्वास, नाकातल्या नळीतून जेवण. खालच्या ओठाची उजवी बाजू कायमची बधिर. "बोलता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाली, "सरावानं चांगलं येईल." सोनियानं विचारलं, "शिट्टी?" डॉक्टरीणबाईला वाटलं ही थट्टा करतेय. मग तिचा चेहरा बघून ती म्हणाली, "शिट्टीचं नाही सांगता यायचं." आणि फाईल मिटताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "सोबत कोण राहणार?" जबडा, पाय, ओठ, सगळं ऐकून सोनिया दगडासारखी बसली होती, या प्रश्नाला मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सोबत कोण, हे तिनं आयुष्यात कुणाला विचारलेलं नव्हतं.

वाडा त्या वेळी भिलवडीच्या अलीकडं एका तुटलेल्या उसाच्या रानात उतरला होता. खतासाठी मेंढरं बसवायची, जमीन लेंड्यांनी भरली की पुढच्या रानात. सोनिया पाचटातून चालत गेली तेव्हा तात्याबा एका मेंढीला बगलेत धरून तिचा जबडा उघडत होता. लोकरीचा, ताकाचा, धुराचा वास आला आणि तिला आत्ताच इथं पाचटात आडवं व्हावंसं वाटलं.

"सोने, कवा आलीस?"

"आत्ताच, आबा."

तिनं स्कार्फ सोडला. तात्याबानं मेंढी सोडून दिली. तिच्या गालाकडं बघत त्यानं हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "आ कर." ती वाकली. त्याचा अंगठा, जाड, भेगाळलेला, मेंढरांच्या लाळेचा, ओठाच्या कोपऱ्यातून आत गेला आणि जबड्याच्या कडेवर दाबला. हाड दबलं. अंड्याच्या टरफलासारखी बारीक करकर झाली, ती सोनियाला कानातून ऐकू आली आणि त्याला अंगठ्यातून कळली असावी, कारण त्यानं चटका बसावा तसा हात काढून घेतला.

"मला कळून लय दिवस झालं, आबा," ती म्हणाली.

"मलाबी," तात्याबा म्हणाला. "गेल्या दिवाळीला भाकरी डावीकडंच चावत हुतीस. तुज्या आईनंबी बगितलं."

"मग बोलला का न्हाई?"

"फेडल्यालं कसं उकरायचं गं? एडका दिला, देवानं घेतला. पुना त्येच घिऊन त्येच्या दारात जायाचं म्हंजी तू खोटा हाईस म्हनायचं त्येला." तो मेंढरांकडं बघत राहिला. "आन्‌ तू का न्हाई बोललीस?"

"त्येच," सोनिया म्हणाली.

म्हणजे इतकी वर्षं दिवाळीच्या ताटावर तिघं समोरासमोर बसत होती, तिघांनाही दिसत होतं, आणि तिघंही देवाची अब्रू झाकत होती. सोनियाला संताप आला. बापाचा आला, आईचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. एवढ्या बोलघेवड्या कंडक्टरणीला हे एक वाक्य जमू नये? पण समोर हा म्हातारा उभा होता, अंगठा धोतराला परत परत पुसत, आणि त्याच्यावर ओरडायला तिला तोंड उघडवेना. तिनं त्याला समजेल असं सगळं सांगितलं. हिकडचं हाड काढनार. पायाचं हाड काढून हितं बसवनार.

"कुनाच्या पायाचं?"

"माज्याच."

तात्याबानं धोतर गुडघ्यावर घेतलं आणि पाय पुढं केला. काळा, सुका, शिरांनी भरलेला पाय. "माजं घ्या म्हनावं. घाट उतरून कोकनापत्तर गेल्याला पाय हाय ह्यो. लय टनक हाय. मला आता कुटं जायाचंय?"

"दुसऱ्याचं चालत न्हाई, आबा. आपलं आपल्यालाच लागतं."

त्यानं ऐकलं, पण पाय काही मागं घेतला नाही. कुणीतरी येऊन घेऊन जाईल अशा बेतानं तो तसाच पुढं धरून उभा राहिला. सोनियाला त्याला म्हणायचं होतं, सोबत राहशील का. ते शब्द जिभेवर आले, त्या हलणाऱ्या दाढेपर्यंत आले. तेवढ्यात तिचा भाऊ जोतिबा बांधावरून ओरडला की मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरतायत, आणि तात्याबा धोतर सोडून धावला. ती तशीच परत आली.

ऑपरेशनला तो आला. हरणाबाईला दवाखान्याचा वास सोसवत नव्हता, ती खाली झाडाखाली देवाचं नाव घेत बसायची. सोनिया शुद्धीवर आली तेव्हा पहिल्यांदा तिला वाटलं गाडी सुटली आणि आपण मागं राहिलो. डोकं दुसऱ्याचं, पाय दुसऱ्याचा. श्वास नाकातोंडातून यायचा सोडून गळ्यातल्या नळीतून घर्र घर्र येत होता. तिनं जिभेला कामाला लावलं, आता खुशाल जा म्हणाली, आणि जीभ सुजून लाकडासारखी पडली होती, हलेना. ओठ कुठं संपतो ते कळत नव्हतं. लाळ गळायची आणि नर्स टिपायची तेव्हाच तिला कळायचं की लाळ गळत होती. आरसा तिनं मागितला नाही. आप्पासो एकदा डेपोतल्या दोघांना घेऊन आला, दारातूनच तिला बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "गाडी आता मी आरशात बगूनच लावतो, बाई. तुमी सावकाश या." आणि जिन्यातून उतरताना मोठ्यानं नाक शिंकरलं. डॉक्टरीणबाई खूश होती. कडा स्वच्छ निघाल्यात, गाठ साधीच होती. वर्षातून एकदा फोटो काढायला यायचं, आयुष्यभर, ती म्हणाली, आणि या वेळी तिनं ते सोनियाकडून पाटीवर लिहून घेतलं. बोलायला पाटी दिली होती. नर्सशी, डॉक्टरांशी ती पाटीवर बोलायची. तात्याबाला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं त्याच्याशी बोलायला काहीच उरलं नव्हतं. तो यायचा, पलंगाच्या पायाशी उभा राहायचा, बांधलेल्या पोटरीकडं बघायचा आणि जायचा. मेंढरं तिकडं जोतिबावर होती.

मग एका दुपारी तो घोंगडं खांद्यावर टाकून, काठी घेऊन आला आणि तिला कळलं. खाली जोतिबा मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. तिची फटफट खिडकीतून येत होती. "रान झालं," तात्याबा म्हणाला. "मालकाला नांगरायचंय. वाडा हालवाय लागतोय, एकट्या जोत्याच्यानं हुत न्हाई." त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "आता बरं हाय न्हवं? साधीच हुती म्हंत्यात." सोनियानं डोळे मिटून उघडले. बरं होतंही आणि नव्हतंही. त्यानं हात उचलला, तिच्या कपाळापर्यंत नेला, नळ्यांच्या भीतीनं तसाच परत घेतला, आणि खिशातून भंडाऱ्याची पुडी काढून उशाशी ठेवली. देवाशी त्याचं काय बोलणं झालं होतं कोण जाणे. तो दारापर्यंत गेला आणि तिथं वळून उभा राहिला. वर्षानुवर्षांची सवय. शीळ द्यायला त्यानं बोटं वर उचलली आणि दवाखाना आहे हे आठवून खाली घेतली, पण उत्तरासाठी तो थांबला होता. तिनं काहीतरी दिलं की मग तो वळणार होता.

सोनियानं ओठ जुळवायचा प्रयत्न केला. एक ओठ आला, दुसरा आला नाही. छातीतून हवा निघाली आणि वाटेतच गळ्यातल्या नळीतून फसकन बाहेर गेली. तात्याबा बघत होता. तिचा हात उशाशी चाचपडला, नळीतून पेज सोडताना नर्स वापरते तो स्टीलचा चमचा हाताला लागला, आणि तिनं तो सलाईनच्या दांडीवर मारला. टण्‌. आवाज वॉर्डभर स्वच्छ गेला. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली. तात्याबा तिच्या गाडीतून वडूजला कितीदा गेला होता. पुढच्या सीटवर बसून, लेक दोरी ओढते ते मान वर करून बघत गेला होता. एक बेल कशाची आणि दोन कशाच्या हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. दाराच्या चौकटीत उभा राहून तो दुसऱ्या बेलची वाट बघू लागला.

सोनियाचा हात दांडीजवळ होता. सवयीनं तो पुन्हा उचलला गेला, आत्याच्या दारात शीळ द्यायला उचलला जायचा तसाच. तिनं तो खाली घेतला आणि चमचा उशाखाली सरकवला.

खालून जोतिबानं हाक मारली. तात्याबा हलला नाही.